उसाच्या मळ्यात मधमाशीचे काय काम?



मागच्या महिन्यात एका रविवारी आपल्या गट ऑफिसात सकाळपासून दुपारी चारपर्यंत काही मंडळी टी.व्ही.समोर बसलेली पाहून रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळांनी आत डोकावून 'मॅच आहे का?' असे विचारले. मॅच नव्हती. घाटमाथ्याकडील मधपाळांच्या एका स्थानिक संघटनेने ऑनलाइन चर्चासत्राचा दिवस ठेवला होता. त्याची लिंक आमच्या मोबाइलवर आली होती, ती शेतकी खात्याने टी.व्ही.ला जोडून घेतली. मंडळी जमली अकरा, त्यांत बचत गटाच्या तीन भगिनी. दोनदा वीज गेली, एकदा रेंज गेली, आणि आमच्या चिटबॉयने माईक बंद न केल्यामुळे त्याचे तोडणी मुकादमाशी फोनवर चाललेले भांडण साऱ्या चर्चासत्राने ऐकले. तेवढे सोडले तर दिवस सत्कारणी लागला.

आता ऊस विकास अधिकाऱ्याने मधमाशीच्या नादी का लागावे, असे काही सभासदांनी आम्हाला तोंडावर विचारले आहे. विचारणे रास्त आहे. उसाला मधमाशीचा काडीचाही उपयोग नाही, हे आम्ही आधीच कबूल करतो. ऊस हे गवताच्या कुळातले पीक. त्याचे परागीभवन वाऱ्याने होते, फुलात मध नसतो, आणि आपण लागण करतो ती टिपरीने किंवा रोपाने. तुरा आला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात तुऱ्यांचा संकर करतात तोही माणसाच्या हाताने. आपले को ८६०३२ हे वाण को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या अशाच संकरातून आलेले आहे. तिथे माशीला वाव नाही. तेव्हा 'पेट्या ठेवा, उसाचा उतारा वाढेल' असे कोणी सांगत आले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मग आम्ही दिवसभर त्या टी.व्ही.समोर का बसलो? त्याला कारण आमच्याच हातून झालेली एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे आम्हाला शोभणार नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आपल्या एका गटात खोडव्यावर खोडकिडीचा प्रादुर्भाव वाढला. पोंगे मरू लागले. शेतकी खात्याने सामुदायिक फवारणीचा कार्यक्रम आखला आणि ड्रोन मागवले. सकाळी वारा पडलेला असतो म्हणून वेळ ठरवली नऊची. ती वेळ आम्हीच ठरवली. त्या शिवारात एका सभासदाने सुरू उसात कलिंगडाचे आंतरपीक घेतले होते आणि पदरचे भाडे देऊन एका फिरत्या मधपाळाच्या तीस पेट्या बांधावर आणून ठेवल्या होत्या. आम्हाला ते माहीत नव्हते. माहीत करून घ्यायची वहीच आमच्याकडे नव्हती. ड्रोनने शेजारच्या खोडव्यावर औषध मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. काही अजून जिवंत होत्या, पण पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. मधपाळाने भरपाई मागितली नाही, आवाज चढवला नाही. त्याने रात्रीत पेट्या टेम्पोत भरल्या आणि निघून गेला. यंदा त्या सभासदाने बोलावले तर आला नाही. कलिंगडाचे पुढे काय झाले? पहिली फळे चांगली भरली. त्यानंतरची पुष्कळशी एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने आक्रसलेली निघाली, आणि व्यापाऱ्याने ती बाजूला काढली. खोडकीड मात्र आटोक्यात आली. आमच्या अहवालात कार्यक्रम यशस्वी झाल्याची नोंद आहे.

वाकडे कलिंगड कशाने?

चर्चासत्रात कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे फार सोपे करून सांगितले. कलिंगडाच्या वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी. मादी फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्याला आयुष्यात एकच सकाळ मिळते. तेवढ्या वेळात माशीने नर फुलावरचा पराग आणून एकदा नव्हे, आठ-दहा वेळा त्याला भेट दिली पाहिजे. पराग स्त्रीकेसराच्या सर्व बाजूंना पोचला तर फळ सर्व बाजूंनी भरते. ज्या बाजूला पोचला नाही त्या बाजूला बी धरत नाही, आणि बी नाही तिथे गर वाढत नाही. म्हणजे वाकडे कलिंगड ही खताची किंवा पाण्याची तक्रार असेलच असे नाही. त्या सकाळी माशी आली नाही, याची ती पावती असू शकते. आम्ही आजवर अशा फळांना बोरॉनची शिफारस करत आलो. काही ठिकाणी ती बरोबरही असेल. पण एकदाही 'बांधावर माश्या दिसतात का?' असे आम्ही विचारले नव्हते.

काकडी, दोडका, कारले, भोपळा यांचेही तसेच. कांदा बीजोत्पादनाची गोष्ट थोडी निराळी. कांद्याच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. पण पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होते. त्यामुळे त्या फुलाचे त्या फुलात जमत नाही, पराग दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो. सूर्यफुलाचेही तेच. ज्यांनी खोडवा मोडून बेवड म्हणून सूर्यफूल घेतले आहे, त्यांनी फुलाच्या मध्यभागी पोचट बी पाहिले असेल. त्याला पाण्याचा ताण हे एक कारण असते, माशी नसणे हे दुसरे. सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांना मात्र माशीची फारशी गरज नाही; ती स्वपरागी पिके आहेत. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या हरभऱ्यात पेट्या मांडून कोणी बसायचे.

हिरवळीच्या खताचा ताग आपण फुलावर आला की गाडतो, तेव्हा तिथे माशीचा प्रश्न नाही. पण तागाचे बी धरायचे असेल तर त्याचे टणक फूल उघडायला मोठे काळे भुंगेच लागतात, लहान माशीचे ते काम नव्हे. हे भुंगे वाळक्या लाकडात, बांबूत घर करतात. बांधावरचे जुने वाळके लाकूड आपण सरपणाला नेतो त्यात त्यांचे बिऱ्हाड असते.

औषध पेटीपर्यंत पोचले कसे?

आमच्या मनातला खरा प्रश्न हा होता, आणि तो आम्ही माईक चालू करून विचारला. औषध उसावर मारले, उसाला फूल नाही, मग माशी मेली कशी? उत्तर एका वयस्क मधपाळांनी दिले. ते म्हणाले, 'साहेब, माशी फक्त फुलावर जात नाही. ती पाण्याला जाते.' मार्चच्या उन्हात पेटी थंड ठेवण्यासाठी माश्या सारख्या पाणी वाहून नेतात. उसाच्या पोंग्यात साचलेले दव आणि सरीतली ओल ही त्यांची पाणवठ्याची जागा. शिवाय खोडव्याच्या सरीत आणि बांधावर तण फुललेले होते, त्यावर माश्या होत्याच. आणि तिसरे म्हणजे ड्रोनचे थेंब. पाठीवरच्या पंपाने आपण एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी वापरतो, ड्रोन जेमतेम दहा लिटरमध्ये एकर उरकतो. म्हणजे द्रावण तीव्र, थेंब बारीक. जरा झुळूक आली की शेजारच्या कलिंगडावर गेलेच. आम्ही ड्रोनच्या विरुद्ध नाही. उंच उसात माणूस शिरू शकत नाही, तिथे ड्रोनला पर्याय नाही. पण त्याचा थेंब बांध ओळखत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मावा किंवा पांढरी माशी पडलेल्या उसावर पानांवर गोड चिकटा येतो, तोही माश्या चाटतात. तेव्हा फुले नसलेल्या काळातसुद्धा उसात माशी नसेल असे धरून चालू नये.

पेटीत नेमके काय बिघडते हेही समजून घ्या. मेलिफेरा जातीची कामकरी माशी अंड्यापासून एकवीस दिवसांत बाहेर पडते. हंगामात तिचे आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास. पहिले तीन आठवडे ती घरात राबते. पिले भरवते, मेणाची घरे बांधते, दाराशी पहारा देते. उरलेले तीन आठवडे बाहेरचे काम. फवारणीत मरतात त्या बाहेर गेलेल्या. मग घरातल्या कोवळ्या माश्यांना वेळेआधी बाहेर पडावे लागते, पिलांना भरवणारे कोणी राहत नाही, आणि पेटी वरून भरलेली दिसत असली तरी दोन-तीन आठवड्यांत रिकामी होते. कर्ती माणसे एकदम गेलेल्या घरासारखे हे होते. त्यातच काही औषधे अशी की माशी जागेवर मरत नाही, घरी जाते आणि पराग-मधाबरोबर विष आत नेते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन ही निओनिकोटिनॉइड गटातली औषधे युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात वापरायला बंद केली ती मधमाश्यांच्याच कारणावरून. यांपैकी पहिली दोन आपल्याकडे सर्रास वापरात आहेत, आमच्याही शिफारशीत आली आहेत. ती आजच टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. बेणेप्रक्रियेत वापरणे वेगळे आणि फुलोऱ्यातल्या पिकाशेजारी फवारणे वेगळे.

जुन्या सभासदांना २००२ साल आठवत असेल. लोकरी मावा आला तेव्हा आम्ही नोकरीत अगदी नवे होतो. पाने पांढरी फटक पडली, लोकांनी मिळेल ते औषध मारले, आणि मावा हटेना. शेवटी तो आटोक्यात आणला डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. डिफाच्या अळ्या असलेली पाने या गावातून त्या गावात पिशवीत घालून नेलेली आम्ही पाहिली आहेत. शेजारी शेजाऱ्याकडे विरजण मागतो तसे लोक अळ्या मागत. जिथे फवारे जास्त झाले तिथे ह्या मित्रकिडी उशिरा बसल्या. तो धडा आम्ही उसापुरता शिकलो आणि बांधावरच्या माशीच्या बाबतीत विसरलो.

साखर, मोलॅसिस आणि मध

एक प्रश्न विचारून आम्ही आपले हसे करून घेतले, पण उत्तर उपयोगी मिळाले. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा पेटीतील माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. आम्ही विचारले, मोलॅसिस स्वस्त आहे, ते का देऊ नये? सगळे हसले. मोलॅसिस, गूळ, काकवी यांत साखरेखेरीज जे क्षार व इतर पदार्थ असतात ते माशीला पचत नाहीत, तिला हगवण लागते. स्वच्छ पांढरी साखर, जितकी साखर तितके पाणी, बस्स. आणि मधाचा हंगाम सुरू होण्याआधी हा पाक बंद केला पाहिजे; नाहीतर माशी तोच पाक घरात भरते आणि आपण त्याला मध म्हणतो.

असा मध किंवा मुद्दाम साखर मिसळलेला मध ओळखता येतो, आणि तो उसामुळेच ओळखता येतो, हे ऐकून आम्हाला गंमत वाटली. ऊस आणि मका ह्या वनस्पती हवेतला कार्बन घेण्याची रीत वेगळी आहे. शास्त्रज्ञ तिला सी-४ म्हणतात. जांभूळ, हिरडा, सूर्यफूल, शेवगा अशी माशी ज्यांच्यावर जाते ती बहुतेक झाडे सी-३ रीतीची. सी-४ वनस्पतीच्या साखरेत जड कार्बनचे प्रमाण थोडे अधिक असते. प्रयोगशाळेत ते मोजले की मधात उसाची साखर किती आहे ते कळते. देशाच्या अन्नसुरक्षा मानकात मधातील सी-४ साखरेची मर्यादा ७ टक्के आहे. भेसळ करणारे मग तांदळाच्या पाकाकडे वळले, कारण तांदूळ सी-३. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासून घेतलेल्या १३ ब्रँडपैकी १० ब्रँडचे मध शुद्धतेच्या सर्व चाचण्यांत उतरले नाहीत, ते प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले होते. ज्या भगिनी बचत गटातर्फे मध विकू इच्छितात त्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी. आपल्या गावचा मध महाग पडला तरी घेणारा ज्या विश्वासाने घेतो, तो पाकाच्या एका डब्याने जातो.

आपल्याकडे पेट्या ठेवाव्यात काय?

आमचे मत स्पष्ट आहे. उसाच्या सलग पट्ट्यात मधाचा धंदा म्हणून कोणी पन्नास पेट्या घेऊ नयेत. हिरवेगार दिसणारे आपले शिवार माशीच्या दृष्टीने बहुतेक वर्षभर उपाशी आहे. मेलिफेरा ही परदेशी जात १९६२ साली नगरोटा बगवान येथे आपल्या देशात पहिल्यांदा चांगली रुजली. ती मध भरपूर देते, पण फुलोऱ्याच्या मागे पेट्या गावोगाव फिरवाव्या लागतात. आपली सातेरी माशी मध कमी देते, पण घरच्या बांधावर, परसात एक-दोन पेट्यांत नांदते. तिला जागा आवडली नाही तर राणीसकट उडून जाते, हा तिचा दोष. मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे, मेणकिडा पाहणे, आठवड्यातून एकदा चौकटी तपासणे, एवढी देखभाल घरातील कोणीही करू शकते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, पण तिथे जांभूळ-हिरड्याचे जंगल आहे. आपल्याकडे ऊस आहे. त्यांची नक्कल आपल्याला जमायची नाही.

आपल्याला जमेल ते बांधाचे. करंज, शेवगा, जांभूळ, नारळ, कडुलिंब यांपैकी चार झाडे बांधावर असली तर फुलोऱ्याची साखळी बऱ्यापैकी जुळते. परसात तुळस असतेच. उन्हाळ्यात पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे. खडे नसले तर माश्या बुडतात. गुऱ्हाळवाल्यांनी आणि रसवंतीवाल्यांनी रसाची भांडी झाकावीत. काहिलीत पडून मरणाऱ्या माश्या आपण गाळून फेकतो, त्या कोणाच्या तरी पेटीतल्या किंवा रानातल्या असतात.

आग्या मोहळाविषयी दोन शब्द. तोडणीच्या वेळी बांधावरच्या झाडाला मोहोळ असल्यास टोळीला आधी सांगावे. टेंभा लावून ते जाळण्याची पद्धत आहे, ती माश्यांना वाईट आणि माणसांना त्याहून वाईट, कारण उठलेल्या माश्या पहिल्यांदा तोडणी कामगाराच्या बायका-पोरांवर जातात. डंख झाला तर हातवारे न करता तोंड झाकून लांब जावे, काटा नखाने खरवडून लगेच काढावा. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपायात वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

आता फवारणीचे. फुलोऱ्यातील पिकावर आणि त्याच्या शेजारी कीटकनाशक मारायचे झाल्यास सूर्य कलल्यावर, माश्या घरी परतल्यावर मारावे. तोवर सकाळचे फूल मिटलेले असते आणि औषधाला रात्रभर वाळायला वेळ मिळतो. बाटलीवरचे लेबल वाचावे. मधमाश्यांना घातक असल्यास तसे छापलेले असते. सरीतले तण फुलण्याआधीच काढावे. पेट्या शेजारी असल्यास मधपाळाला आदल्या दिवशी कळवावे. तो रात्री दारे बंद करून पेट्या हलवतो, किंवा एक दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवतो. चर्चासत्रातले ते वयस्क मधपाळ म्हणाले, 'आम्हाला भरपाई नको, एक फोन पाहिजे.' त्या वेळी आमच्या खोलीत कोणी बोलले नाही.

त्यानुसार शेतकी खात्याने चिटबॉयच्या ऊस नोंदणीच्या वहीत या हंगामापासून एक नवा रकाना आखला आहे: 'बांधावर मधपेट्या आहेत काय, कोणाच्या, कधीपर्यंत.' ज्या सभासदांनी कलिंगड, काकडीवर्गीय भाजी, कांदा बीजोत्पादन किंवा सूर्यफूल घेतले आहे आणि पेट्या आणल्या आहेत किंवा आणणार आहेत, त्यांनी आपल्या गट ऑफिसात गट नंबर व मधपाळाचा फोन नंबर नोंदवावा. त्या गट नंबरांभोवतीच्या शिवारात सामुदायिक फवारणी सायंकाळी पाचनंतरच होईल आणि आदल्या दिवशी नोंदीतील नंबरवर फोन जाईल. ड्रोनचे ठेकेदार सायंकाळच्या पाळीला कुरकुर करतात. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. गेल्या वर्षी ज्यांच्या तीस पेट्या गेल्या त्या मधपाळांना आम्ही या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला आहे. त्यांनी तो पाहिला, एवढे मोबाइलवर दिसते. उत्तर अजून आलेले नाही.